कळलावी: रानातून कुंपणावर
(प्रस्तावना)

कळलावी हवी असते सगळ्यांना, लावत मात्र सहसा कोणी नाही. गौरी यायच्या तोंडावर कोकणात तिच्या फुलांसाठी माणसं रानाच्या कडेला, गडग्यांवर, वहाळाकाठच्या झुडपांत फिरतात. काही भागांत तर या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणूनच ओळखतात. गोव्यात चवथीच्या माटोळीला जो रानमेवा बांधतात त्यातही ती असते. वैद्यांना तिचा कंद लागतो, औषध कारखान्यांना बी लागतं. आपल्याकडे यातला बराच भार आपोआप उगवणाऱ्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वेलींवर पडतो. ती वेल दाराशी कशी लावावी, जगवावी आणि एकीच्या अनेक कशा कराव्यात, हा या पुस्तकाचा विषय आहे. रानफुलावर प्रेम असेल तर ते रानातून आणू नये, घरी वाढवावं, ही त्यामागची भूमिका आहे. ती पहिल्याच पानावर सांगून टाकणं बरं, कारण पुढची सगळी कृती तिच्यातूनच आली आहे.

आधी वेलीची ओळख. कळलावीलाच अग्निशिखा म्हणतात आणि वाघनखीही. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. पूर्वी तिची गणना लिलीच्या कुळात होत असे, आता ती कोल्चिकमच्या कुळात धरतात. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा आफ्रिका एवढा तिचा मुलूख आहे. तिचं आयुष्य दोन ठिकाणी चालतं. जमिनीवर ती चार-पाच महिने असते. उरलेला काळ मातीखाली, कंदाच्या रूपात. वळवाच्या सरी पडून गेल्या की कंदाच्या टोकाचा डोळा फुटतो, मृगात कोंब वर येतो आणि बघता बघता वेल दोन-तीन मीटर चढते. चढायला तिच्याकडे वेगळे ताणे नाहीत. पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि मिळेल त्या काडीला धरतं. श्रावण-भाद्रपदात फुलं येतात. सहा पाकळ्या, कडेला लाटांसारख्या मुडपलेल्या आणि पूर्ण मागे वळलेल्या. उमलताना हिरवट पिवळ्या, मग नारिंगी, शेवटी लालभडक. एकाच वेलीवर तिन्ही रंग एकाच दिवशी दिसतात, ते फुलांच्या तीन वयांचे असतात. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडतात, बोंडं उकलतात, आत नारिंगी-लाल बिया दिसतात आणि वेल वाळून जाते. कडक उन्हाळ्यात तिची जागा कोरडी, रिकामी दिसते, पण तिथे खाली पुढच्या वर्षाची सगळी तयारी करून ठेवलेला कंद असतो. बहुवर्षायू रानफूल म्हणजे काय, हे समजून घ्यायला इतकं नेटकं उदाहरण सह्याद्रीत शोधून सापडायचं नाही. गेंद, तेरडे, सीतेची आसवं ही पठारांवरची प्रसिद्ध फुलं दर वर्षी बियांतून नव्याने जन्मतात. कळलावी मात्र दर वर्षी तीच परत येते.

या वेलीची नोंद फार जुनी आहे. संघम काळातल्या ‘कुरिंजिप्पाट्टु’ या तमिळ काव्यात कपिलर या कवीने नव्याण्णव फुलांची नावं एका ओळीने गुंफली आहेत, आणि ती माळ सुरू होते कांदळ या फुलाने, म्हणजे कळलावीने. ते आज तमिळनाडूचं राज्यपुष्प आहे. आयुर्वेदात ती लांगली आणि कलिहारी. रसशास्त्र तिला उपविषांत घालतं आणि गोमूत्रात शोधन केल्यावाचून तिचा कंद वापरू देत नाही. सतराव्या शतकात मलबारात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने स्थानिक वैद्यांच्या मदतीने ‘होर्तुस मलबारिकुस’ सिद्ध केला, त्यात तिचं चित्र आणि वर्णन आलं. लिनियसने 1753 मध्ये तिला आजचं नाव दिलं. आपल्याकडे डाल्झेल आणि गिब्सन यांच्या 1861 च्या ‘बॉम्बे फ्लोरा’त ती आहे, आणि थिओडोर कुक यांच्या 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथातही. या ग्रंथांनी ती कुठे मिळते, कधी फुलते, हे सांगितलं. ती लावायची कशी, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आधी युरोपातल्या काचघरांनी विचारला. थंड देशांत ही वेल उघड्यावर टिकत नाही, म्हणून तिथल्या माळ्यांना तिच्या विश्रांतीचा काळ नेमका समजून घ्यावा लागला: पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं, कंद कोरड्या जागी ठेवायचा, वसंतात ऊब देऊन जागा करायचा. लागवडीचा हा पहिला संप्रदाय शोभेचा. 1903 मध्ये आफ्रिकेतल्या एका ठसठशीत लाल-पिवळ्या प्रकाराला रॉथशिल्ड यांच्या नावावरून ‘रॉथशिल्डियाना’ म्हटलं गेलं. आज तो याच जातीचा एक प्रकार मानतात आणि जगभरच्या बागांत तोच अधिक दिसतो. 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या एकविसाव्या वाढदिवसाला दक्षिण ऱ्होडेशियातल्या मुलांनी या फुलाच्या घाटाचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला. तो देश पुढे झिम्बाब्वे झाला, तरी फूल राष्ट्रीयच राहिलं. जपानच्या कोची प्रांतात ही फुलं फुलदाणीसाठी मोठ्या प्रमाणावर पिकवतात. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना ही वेल कुंडीत लावायची असेल तर त्यांना याच संप्रदायाचा अनुभव कामी येईल.

दुसरा संप्रदाय शेतीचा, आणि तो आपल्या शेजारीच आहे. कळलावीच्या कंदात आणि त्याहून अधिक बियांत कोल्चिसिन हे द्रव्य असतं. 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते युरोपातल्या कोल्चिकम या भाईबंद वनस्पतीतून वेगळं काढलं. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे जे सूक्ष्म धागे असतात, त्यांची जुळणी हे द्रव्य होऊ देत नाही. या एका गुणामुळे 1937 पासून ते वनस्पती-पैदाशीत गुणसूत्रं दुप्पट करायला वापरलं जाऊ लागलं. बिनबियांच्या कलिंगडाची जन्मकथा तिथूनच सुरू होते. सूज घडवून आणणाऱ्या पेशींची हालचालही याच धाग्यांवर चालते, म्हणून संधिवाताच्या गाऊट या प्रकारात ते जुनं औषध आहे. 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी अल्प मात्रेत ते हृदयविकारासाठीही मान्य केलं. स्नायूंच्या आखडण्यावर देतात ते थायोकोल्चिकोसाइड बनवायलाही कळलावीच्या बिया लागतात. या मागणीमुळे तमिळनाडूत करूर, तिरुप्पूर, दिंडुक्कल या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू पट्ट्यात तिची शेती रुजली. तिथले शेतकरी ओळीने आधार उभारून वेल चढवतात आणि बी चांगलं धरावं म्हणून सकाळच्या वेळी फुलाफुलाला हाताने परागण करतात. जे आपल्याकडे रानात भटकून मिळतं ते तिथे बांधाच्या आत पिकतं. मात्र त्या शेतीचे सुरुवातीचे कंद बऱ्याच प्रमाणात रानातूनच उपसले गेले, हेही विसरता येत नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्राधान्याने लागवड व्हावी अशा वनस्पतींत कलिहारी घातली आहे, त्याला हे कारण आहे.

तिसरा संप्रदाय प्रयोगशाळेचा. कंदाच्या कोवळ्या डोळ्यातून ऊतिसंवर्धनाने रोपं करण्यावर भारतात पुष्कळ काम झालं आहे. एकसारखी, रोगमुक्त रोपं हवी असतील तर हा मार्ग चांगला, पण तो घरी चालण्यासारखा नाही. शिवाय एका वेलीपासून झालेली सगळी रोपं एकाच रक्ताची असतात.

चौथा संप्रदाय रानवट बागेचा. विल्यम रॉबिन्सन यांनी 1870 मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून इंग्लंडच्या आखीव वाफ्यांना पर्याय मांडला: कणखर, बहुवर्षायू झाडं अशा जागी लावायची की ती पुढे स्वतःच्या बळावर नांदतील. या विचाराच्या फांद्या पुढे जर्मनीत, हॉलंडात, अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात पसरल्या, आणि ‘आपल्या मातीतली झाडं आपल्या बागेत’ हा आग्रह त्यातून बळावला. आपल्याकडे त्याचं तयार रूप आधीपासून होतं: कोकणातली वई आणि देशावरचं काटेरी कुंपण. निवडुंग, निर्गुडी, करवंद, मोगली एरंड यांच्या दाटीत कळलावी, गुळवेल, गुंज, कवंडळ नांदत असत. कोणी त्याला बाग म्हणत नसे, पण रानफुलांना लागतं ते सगळं तिथे होतं: मुळाशी सावली, माथ्याला ऊन, चढायला बारीक फांद्या, आणि उन्हाळ्यात न खणलेली कोरडी माती. हे पुस्तक चारही संप्रदायांकडून शिकतं, पण त्याचा ओढा या कुंपणाकडे आहे.

आता मूळ प्रश्न: एकीच्या अनेक कशा करायच्या? वाट दोन, कंदाची आणि बीची, आणि त्यांच्यातला फरक या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे.

कंद इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा असतो. दोन बाहू, प्रत्येकाच्या टोकाला फुटू शकणारा एक डोळा. जुना कंद हंगामात वेलीला पोसत पोसत सुकून जातो आणि खोडाच्या तळाशी नवा कंद भरतो. म्हणजे आपण दर वर्षी पाहतो ती वेल जुनी, पण तिचा कंद त्या वर्षीचा. सांध्यापाशी तो अलगद विलग केला, जखम सुकू दिली, की दोन लावता येतात. इथे एक गोष्ट जपायची: डोळा मोडला तर तो बाहू फुटत नाही. बटाट्यासारखे जागोजागी डोळे त्याला नसतात. रानात कुदळ मारून घाईने उपसलेले कंद पुष्कळदा का उगवत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा या मोडलेल्या टोकात असतं. वेल रानातून गेली आणि दारातही आली नाही. कंदाच्या वाटेने फूल लवकर दिसतं. चांगला भरलेला, पन्नास ग्रॅमच्या आसपासचा कंद पहिल्याच पावसाळ्यात फुलतो. पण एका कंदाचे वर्षाला फार तर दोन होतात.

बीची वाट लांबची. बोंडात बिया भरपूर असतात, पण ताज्या बिया पेरल्या तर बहुतेक नुसत्या पडून राहतात. त्यांना काही महिन्यांची विश्रांती लागते. दिवाळीच्या आसपास गोळा केलेलं बी, वरचा रंगीत गर काढून, सावलीत वाळवून ठेवलं आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर रात्रभर भिजवून पेरलं तर उगवण सुरू होते, तीही एकदम नाही. काही रोपं आषाढात वर येतात, काही नंतर, काही थेट पुढच्या वर्षी. म्हणून पेरलेली कुंडी रिकामी दिसली तरी ओतून टाकायची नाही. पहिल्या वर्षी रोपाखाली जेमतेम वाटाण्याएवढा कंद होतो. तो दर वर्षी थोडा वाढतो आणि तीन-चार पावसाळ्यांनी फूल येतं. इतकं थांबायचं कशासाठी? एक, बी घेतल्याने रानातली वेल मरत नाही. दोन, प्रत्येक बी वेगळ्या रक्ताचं असतं. त्यातली काही रोपं अधिक पावसाला तगतील, काही लांबलेल्या कोरड्या काळाला. तीन, एका वेलीच्या बोंडांतून जेवढी रोपं होतात तेवढी कंद फोडून व्हायला अनेक वर्षं जातील. रानातून घ्यायचंच असेल तर बी घ्यावं, तेही भरपूर वेली असतील तिथून थोडंसं. कंद मात्र घ्यावा तो लावणाऱ्याकडूनच.

बी धरायला फुलाची रचना समजून घ्यावी लागते. परागकोश सहा बाजूंना पसरलेले असतात आणि कुक्षिवृंत बुडापाशीच काटकोनात वळून बाहेर गेलेला असतो, त्यामुळे स्वतःचा पराग स्वतःला सहसा लागत नाही. मध प्यायला येणाऱ्या मोठ्या फुलपाखरांच्या पंखांना आणि शिंजिरांच्या अंगाला लागून तो पुढच्या फुलावर जातो. शहरातल्या गच्चीवर फुलपाखरं कमी असतील तर मऊ कुंचल्याने एका वेलीचा पराग दुसरीला लावावा. त्यासाठी दोन वेगळ्या वेली हव्यात. एकाच कंदाचे दोन बाहू म्हणजे दोन वेली नव्हेत.

लागवडीची तत्त्वं थोडी आहेत आणि ती सगळी वेलीच्या वर्षचक्रातून निघतात. कंद आडवा, सहा ते आठ सेंटीमीटर खोल, निचऱ्याच्या मातीत. पोयटा, वाळू आणि कुजलेला पाला चालतो, चिकण माती चालत नाही. आधार बारीक हवा. पानाचं टोक पेन्सिलीएवढ्या काडीला वेढा घालू शकतं, जाड बांबूला नाही, म्हणून बांबूवर चढवलेली वेल घसरून पडते आणि लावणारा तिला नाजूक समजतो. पावसाळ्यात पाणी आणि ऊन दोन्ही भरपूर, आणि पानं पिवळी पडली की पाणी पूर्ण बंद. ही वेल बागेत मरते ती बहुतेक वेळा उन्हाळ्यात, मायेने घातलेल्या पाण्याने: विश्रांती घेणारा कंद ओल्या मातीत कुजतो. फुलं काढतानाही तिचा हिशोब ध्यानात ठेवावा. पानांसकट लांब दांडी तोडली तर पुढच्या वर्षाचा कंद भरणारी पानंच जातात. आखूड देठाने नुसतं फूल काढावं, आणि काही फुलं बोंडासाठी वेलीवर राहू द्यावीत.

ही वेल विषारी आहे, आणि हे पुस्तक ते कुठेही सौम्य करून सांगत नाही. कोल्चिसिनचा जो गुण औषधाला आणि पैदाशीला उपयोगी पडतो, तोच जीव घेतो. पेशी सतत दुभंगत राहाव्या लागतात अशा जागी, म्हणजे आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत, केसांच्या मुळांत, त्याचा घाव पडतो. उलट्या-जुलाब, मग रक्तपेशी घटणं. वाचलेल्यांचे केस काही दिवसांनी गळतात. रताळं किंवा कंदमूळ समजून कंद खाल्ल्याने श्रीलंकेत आणि भारतात माणसं दगावली आहेत. म्हणून रताळी, करांदे, कणगर लावता त्या वाफ्यापासून ती दूर हवी. काढून ठेवलेल्या कंदांवर नाव आणि ‘विषारी’ ही सूचना हवी, ते स्वयंपाकघरात ठेवू नयेत. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, लहान मुलं आणि गुरं पोचतील तिथे ती लावू नये. बाळंतपणाशी जोडलेले तिचे परंपरागत उपयोग प्रसिद्ध आहेत. ते घरी करून पाहण्याजोगे अजिबात नाहीत आणि इथे त्यांची कृती दिलेली नाही. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावं, लक्षणांची वाट पाहू नये.

हे पुस्तक आत्ताच का? जगाच्या पातळीवर कळलावी दुर्मीळ नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर तर बागेतून निसटून ती वाळूच्या टेकड्यांवर उपद्रवी तण झाली आहे. वनस्पती कणखर आहे म्हणून ती कुठेही लावावी असं होत नाही, हा धडा त्यातून घ्यावा; तिचं घर इथे आहे, म्हणून इथे लावण्याचा आग्रह. पण जगात विपुल असलेली वनस्पती एखाद्या गावातून संपू शकते. आपल्याकडे वई जाऊन चिऱ्याच्या भिंती आणि तारा आल्या. आंबा-काजूच्या बागांत तणनाशक फवारतात, आणि ते गवत आणि वेल असा भेद करत नाही. जेसीबीने बांध सरळ होतात तेव्हा त्यातले कंदही मातीबरोबर जातात. सणाच्या आधी शहरांत विकायला येणाऱ्या फुलांची मागणी वाढते आणि फुलं देणारी कुंपणं कमी होतात. यातली एकही गोष्ट कायदा करून थांबण्यासारखी नाही. बागेत लावणारी माणसं वाढली तर मात्र रानावरचा भार खरोखर हलका होऊ शकतो. कळलावी त्या कामासाठी फार चांगली सुरुवात आहे: तिला महागडं काही लागत नाही, तिचं फूल पहिल्या नजरेत मन जिंकतं, आणि तिच्यावर शिकलेली गोष्ट रानहळद, दीपकाडी, आभाळी, कंदीलपुष्प अशा इतर कंदवर्गीय रानफुलांना समजून घ्यायला उपयोगी पडते.

कोकणातलं परसू, देशावरचं कोरडं कुंपण आणि शहरातली गच्ची या तीन जागा डोळ्यांपुढे ठेवून वेलीचं वर्ष नक्षत्रांच्या आणि महिन्यांच्या क्रमाने लावणं, हा या पुस्तकाचा प्रयत्न आहे. ‘पाणी द्यावे’ एवढं सांगून ते थांबत नाही. कधी, का आणि कधी अजिबात नाही, हेही सांगतं. औषधी शेतीचं अर्थकारण किंवा वैद्यकीय उपचार या पुस्तकात शोधू नयेत; ते त्या त्या जाणकारांचं काम. ज्याने आजवर तुळस आणि मोगऱ्यापलीकडे काही लावलं नाही त्याला पहिली वेल फुलवता यावी, आणि ज्याची वेल फुलली आहे त्याने बी वाटायला सुरुवात करावी, एवढी या पुस्तकाची इच्छा आहे. गावोगावच्या वेलींचं बी ठिकाणाच्या नावासह वेगळं ठेवावं, शक्यतो त्याच परिसरात वाटावं आणि मिळालं त्याहून अधिक परत करावं, हा त्यातला शिरस्ता.

या कामाला पैसा कमी लागतो, जागा त्याहून कमी, आणि धीर पुष्कळ. तो धीर पुस्तक देऊ शकत नाही, कारणं देऊ शकतं. बीपासून फूल येईपर्यंत चार पावसाळे जाणार असतील, तर त्यातला पहिला पावसाळा पुढच्या वर्षावर ढकलू नये. यंदाच पेरावं.